कोल्हापूर गाडीतला डबा

"मामी, तेहतीसच हायत न्हवं? न्हायतर पुण्य उणं पडायचं माजं."

असं म्हणून प्रल्हादनं ताटातले अनारसे बोटानं एकेक मोजायला घेतले आणि आमचे मालक खो खो हसले. जावई पाटावर बसले होते, अंगात नवा सदरा, डोक्यावर मी दिलेली नवी पांढरी टोपी. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि आला की जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे वाण द्यायचे, आहेर करायचा. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. एरवी तो दहावा ग्रह असतो हे त्या महिन्यात कोणी बोलत नाही.

आमच्या नारायणाची लक्ष्मी मात्र सात महिन्यांपासून बेपत्ता होती. आणि ती कुठे आहे हे साऱ्या गावात एकट्या मला ठाऊक होतं.

"बोलावू नका त्याला," मी मालकांना आठ दिवस आधीपासून सांगत होते.

"नांदत न्हाय ती आपली पोरगी," ते म्हणाले. "त्याचा काय गुन्हा? गावात तोंड दाखवायचं हाय मला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं झालं माझं. मालक माणूस भला, पण पोटात काही राहत नाही. सकाळी कळलेली गोष्ट दुपारी पारावर. म्हणून त्यांनाही मी वैजूचा पत्ता सांगितला नव्हता. बाप रोज संध्याकाळी दारात उभा राहून फाट्याकडे बघायचा आणि मी आत भाकरी थापत गप्प बसायची. त्या पापाचं काय व्हायचं ते होवो.

प्रल्हाद साखर कारखान्यात वायरमन होता. दारू नाही, तंबाखू नाही. लग्नानंतर दोन वर्षं आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. वैजू पाण्याला गेली की हा नळाच्या कट्ट्यावर, दळण घेऊन गेली की हा गिरणीच्या दारात. माहेरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हजर. "करमंना मामी," म्हणायचा आणि लाजायचा. बाया म्हणायच्या, नशीब काढलंस हौसा, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. मी मान डोलवायची. मी अंगणवाडीत पोरांना शिकवायची, शहाणी म्हणून मिरवायची, आणि माझ्या पोरीच्या घरी दारामागच्या कॅलेंडरावर तो बारीक अक्षरात काय लिहितो ते मी कधी वाचलं नाही. वैजू कितीला बाहेर गेली आणि कितीला परत आली, ते लिहायचा तो. रोजचं.

ती पहिल्यांदा पळाली ती कराडला माझ्या भावाकडे. हा समोरच्या लिंबाखाली तीन दिवस उभा. ना शिवी, ना आरडाओरडा. गल्लीनं त्याला चहा नेऊन दिला. चौथ्या दिवशी लाजेनं वैजूच खाली उतरली. दुसऱ्यांदा पळाली ती बारामतीला शिवणक्लासला. तिथे त्यानं तिला भर रस्त्यात गाठलं, धरून खाली आपटलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. मग स्वतःच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि आठ दिवस चमच्यानं पेज भरवली. तिथल्या नर्सा म्हणायच्या, असा नवरा बघितला नाही. एकाच नर्सबाईला तसं वाटलं नाही. तिनं कोल्हापूरच्या एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम बघून दिलं, राहायला बायकांचं हॉस्टेल. हाड सांधल्यावर वैजू एका पहाटे सासरहून निघाली ती थेट तिकडेच.

महिन्यातून दोनदा फाट्यावरच्या एसटीडीत तिचा फोन यायचा. जानेवारीत एकदा म्हणाली, "आई, हितल्या भाजीला चवच न्हाय गं. तुज्या हातचं कायतरी खावंसं वाटतंय." झालं. कॉलेजातल्या पोरांचे डबे एसटीनं जातात, मग माझ्या लेकीचा का जाऊ नये? साडेनवाची कोल्हापूर गाडी मुल्लाणी ड्रायव्हर चालवायचे. डब्याला फडकं शिवून टाकायचं, वर नाव नाही गाव नाही. ते बॉनेटपाशी ठेवायचे आणि वैजू दीड वाजता कोल्हापूर स्टँडवर येऊन घेऊन जायची. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. त्या डब्यात तिळाची चटणी भरताना, खरं सांगते, मी हात धुतल्यावरही बोटं हुंगायची. हाच वास आता तिच्या नाकाला लागणार, असं वाटायचं.

तर त्या बुधवारी जावई जेवले आणि दुसऱ्या दिवशी पहिला गुरुवार होता.

शहाण्या बाईनं त्या महिन्यात डबा चुकवला असता. मी चुकवला नाही. अनारशाचं पीठ मी मुद्दाम जास्तीचं भिजवलं होतं. अधिकात घरोघरी अनारसे तळले जातात आणि माझी पोर मेसमधली आमटी ओरपतेय, हे मला सोसवेना. नारायणाचे तेहतीस झाल्यावर मी वैजूचे सोळा तळले, डबा भरला, फडक्यात शिवला आणि चुलीमागे ठेवला.

रात्री जावई मुक्कामाला राहिले. सकाळी ताटली ठेवायच्या निमित्तानं प्रल्हाद स्वयंपाकघरात आला आणि डब्याकडे बघून म्हणाला, "ह्यो कुणाला वो मामी?"

"नणंदेला. विट्याला."

"असं व्हय? द्या की, मी पोचवतो. विट्यावरनंच जायचं मला."

"नगं. तुमी पाव्हणं, तुमाला वज्जं कशाला?"

तो हसला. "बरं," म्हणाला. मग मालक त्याला मळा दाखवायला घेऊन गेले. मळ्यातून खालच्या फाट्यावर नेऊन त्यांना गाडीत बसवतो, असं मला सांगून गेले. जाताना प्रल्हाद माझ्या पाया पडला.

मी साडेनऊला आमच्या फाट्यावर जाऊन डबा मुल्लाणींच्या हातात दिला आणि घरी आले. जिवावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. चूल सारवायला घेतली. एवढ्यात मालकांची लुना दारात थांबली.

"बसले का जावई?" मी विचारलं.

"बसले की. कोल्हापूर गाडीत."

माझ्या हातातलं पोतेरं तसंच राहिलं. "कोल्हापूर? विट्याला जाणार हुते न्हवं?"

"मळ्यात बसल्या-बसल्या बेत बदलला त्यांचा. मला म्हणाले, मामा, विट्याची गाडी कवा असती? म्हणलं, सकाळी साडेआठला गेली, आता एकदम दुपारी. मग म्हणाले, जातो कोल्हापूरलाच, काम हाय. लई हसतमुख माणूस बग."

विट्याची गाडी साडेआठला गेली होती आणि मी विट्याचा म्हणून सांगितलेला डबा घेऊन साडेनवाच्या गाडीला घराबाहेर पडले होते. मळ्याच्या बांधावरून फाट्याची वाट सरळ दिसते. कोण कितीला निघालं हे ज्यानं चार वर्षं कॅलेंडरावर लिहिलं, त्याच्यापुढे मी वेळेची चूक केली होती.

मी सारवणाच्या हातानंच पळत सुटले. आधी एसटीडी गाठलं. हॉस्टेलचा फोन एका बाईनं उचलला.

"वैजयंता? ती पाचलाच ड्युटीवर गेलीय. आज तिकडून परस्पर स्टँडवर जाणार म्हणत होती. गावाकडचा डबा येणारे म्हणे."

"दवाखान्याचा नंबर द्या की बाई."

"तो नाही हो माझ्याकडे."

रस्त्यावर येऊन मी पहिल्या दिसल्या गाडीला हात केला. बेदाण्याचे बॉक्स भरलेला टेम्पो होता, सांगलीला मार्केट यार्डात निघालेला. चालवणारा म्हणाला, "मावशी, पुढं जागा न्हाय." मी म्हणाले, "मागं बसते." बॉक्सांवर बसून, डोक्यावर पदर धरून, वीस कोस उन्हातून गेले. एसटी गावोगाव थांबत जाते आणि सांगलीच्या स्टँडवर चहापाण्याला अर्धा तास उभी राहते, एवढाच काय तो आधार. सारा रस्ता मी एकच म्हणत होते, पोरीनं आज गाडी चुकवावी, पोरीला आज ताप यावा, तिचा पाय मुरगळावा, पण दीड वाजता तिनं स्टँडवर असू नये.

मी पोचले तेव्हा गाडी फलाटावरून मागे निघत होती. मी दारावर धपाधपा हात मारला. कंडक्टर शिव्या देत दार उघडून म्हणाला, "आज्जे, मरशील की!" मी वर चढले.

तिसऱ्या बाकावर प्रल्हाद बसला होता. नवी टोपी, मांडीवर आहेराची पिशवी. मला बघून आधी दचकला. मग सरकून खिडकीकडची जागा दिली.

"या मामी. मला वाटलंच हुतं."

बॉनेटपाशी माझा डबा दिसत होता. मुल्लाणी पुढे बघून गाडी चालवत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला धाप लागली होती. प्रल्हादनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि मी प्यायले.

"लेकीला बगाय निघाला?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मला बी न्या की संगं."

"प्रल्हादराव, तुमी घरी जावा. ती यायची न्हाय तुमच्यासंगं."

"मी काय वाघ हाय का मामी?" तो हळूच म्हणाला. मागच्यापुढच्यांना ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात. "मी तिला कदी उपाशी ठिवली? कदी दुसरी बाई बगितली? मला नुसती ती दिसावी लागती. न्हाय दिसली की जेवान जात न्हाय. मी नुसता लांबनं उबा ऱ्हायलो तरी बास. ती रस्त्यानं जाताना दिसली की हितं गार वाटतं." त्यानं छातीवर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. माझंच दुखणं तो त्याच्या तोंडानं बोलत होता. मलाही ती नुसती दिसावी लागत होती. सात महिने मीही लांबून का होईना, ती रस्त्यानं जाताना दिसावी म्हणून देवाला हात जोडत होते. क्षणभर मला त्याची दया आली. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही.

"या खेपेला काय करनार?" मी विचारलं.

"समजावणार."

"आन् न्हाय समजली तर?"

गाडी अंकलीच्या पुलावर आली. खाली कृष्णेचं पाणी आटलं होतं. तो टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "आता तिला सोडायची न्हाय, मामी. आली तर घरी. न्हायतर दोगं संगंच."

"संगंच म्हंजे?"

"म्हंजे संगंच."

मग माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "तुमी घाबरू नका."

पूल संपला. मी उठले आणि दांडीला धरून पुढे गेले.

"मुल्लाणीमामा, माजा डबा द्या. मला जयसिंगपूरला उतरायचं हाय."

मुल्लाणींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "जयसिंगपूर? बाई, ह्यो तर—"

"जयसिंगपूर," मी म्हणाले. प्रल्हाद माझ्या मागेच येऊन उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मला तोंड वळवता येत नव्हतं, डोळा मारता येत नव्हता, काहीच करता येत नव्हतं. पाच महिने हा माणूस माझा डबा कोल्हापुरात उतरवत होता. त्यानं एक शब्द पुरा केला असता तर सगळं संपलं असतं. "पोरगी हितंच तर असती माजी," मी म्हणाले. "दर खेपेला हितंच घेती की डबा."

मुल्लाणींनी आरशात एकदा माझं तोंड बघितलं, एकदा माझ्या मागच्याचं. मग म्हणाले, "बरं बरं. सावकाश उतरा, गर्दी असती."

आम्ही दोघं उतरलो. गाडी कोल्हापूरकडे गेली.

खरं सांगायचं तर त्या गाडीच्या मागे पळत सुटावं असं मला वाटलं. अजून दीड तासात ती जिथे थांबणार होती, तिथे माझी लेक उभी असणार होती. सात महिन्यांत मी तिच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते. मी डबा मांडीवर घेऊन स्टँडच्या बाकावर बसले.

"कवा येणार ती?" प्रल्हादनं विचारलं.

"येईल. कामावरनं सुटली की."

"कुटल्या कामावर?"

"मला काय म्हाईत? मी आपली डबा पाठवते."

तो समोरच्या रसाच्या गाड्याशी जाऊन उभा राहिला, तिथून सारं स्टँड दिसत होतं. लांबून कोणी पोरगी आली की तो ताठ व्हायचा. मीही मान उंच करून बघायची. बघायलाच हवं होतं. माझ्या तोंडावर वाट बघणं दिसलं नाही तर त्याला कळलं असतं. पहिला तासभर मी सोंग केलं. मग काय झालं कोण जाणे, मी खरंच बघायला लागले. हिरव्या साडीतली एक पाठमोरी पोरगी उसाच्या गाड्याआडून गेली आणि माझ्या तोंडून "वैजू" निघून गेलं. प्रल्हाद धावला. ती वळली, कोणी दुसरीच होती. पण मला आतून रडू फुटलं, आणि ते बघून त्याचा माझ्यावर विश्वास बसला.

दीड वाजला. स्टँडवरच्या घड्याळाकडे मी बघितलं नाही, तरी मला कळलं. आता ती आली असेल. मुल्लाणी गाडीतून उतरले असतील. ते काय बोलले असतील? त्यांना काही कळलं होतं, की म्हातारीला भ्रम झाला असं समजून ते चहा प्यायला गेले? आणि वैजू? ती पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच बसली असली तर?

प्रल्हाद रसाचा ग्लास घेऊन आला. "घ्या मामी. सकाळधरनं पोटात काय न्हाय तुमच्या."

"नगं."

"घ्या वो. ती आल्यावर मला म्हणंल, माज्या आईला उपाशी ठिवलंस."

मी रस प्यायले. तो बाकावर माझ्याशेजारी बसला आणि तिच्या गोष्टी सांगू लागला. तिला कैऱ्या मीठ लावून आवडतात, झोपेत ती डाव्या कुशीवर असते, चप्पल उजव्या पायाची आधी झिजते. सगळं खरं होतं. मला माझ्या लेकीबद्दल ठाऊक नसलेल्याही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. दुपारभर आम्ही सासू-जावई एका बाकावर बसून एकीचीच वाट बघत राहिलो. येणारा-जाणारा म्हणत असेल, किती प्रेमाची माणसं.

पाच वाजले, साडेपाच झाले. ऊन बाकाखाली आलं. प्रल्हादचं बोलणं कधीच थांबलं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

"ती यायची न्हाय," तो म्हणाला.

"येईल."

"मामी, ती हितं न्हायच."

त्यानं माझं मनगट धरलं. लेकीला पेज भरवणारा, मला पाणी देणारा हात होता तो. आता बांगडी फुटून माझ्या हातात घुसली.

"कुटं हाय ती? कोल्हापुरात हाय न्हवं? मला उतरवलंत तुमी."

"हात सोड," मी म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं.

"कुटं हाय?"

"हात सोड म्हणते ना!" अंगणवाडीतली चाळीस पोरं ज्या आवाजाला गप्प व्हायची, त्या आवाजात मी ओरडले. माणसं जमली. प्रल्हादनं हात सोडला, खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

"माजी बायको लपवून ठिवलीया हिनं," तो म्हणाला. "सात म्हयनं झालं. वाण घ्या म्हणून बोलावलं आन् बायको दिना."

चोराच्या उलट्या बोंबा. पण बाहेरच्याला चोर कोण ते कसं कळावं? एक धोतरवाले आजोबा मला म्हणाले, "बाई, पोरगी नांदवायची सोडून हे काय मांडलंय? जावई रडतोय बघा." मी माझं रक्ताळलेलं मनगट पदरात गुंडाळलं.

प्रल्हाद उठला, डोळे पुसले. बाकावरचा डबा उचलला. "ह्यो मी न्हेतो," म्हणाला आणि कोल्हापूरच्या गाडीत जाऊन बसला. मी अडवलं नाही. दीड वाजून साडेचार तास झाले होते. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं होतं.

घरी पोचले तेव्हा मालक दारातच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. ते उंबऱ्यावरच खाली टेकले. मग म्हणाले, "म्या बसवला की गं त्याला गाडीत. ह्या हातानं." त्यांनी जेवण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. मुल्लाणींनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. भरलेली गाडी उभी ठेवून ड्रायव्हर खाली उतरला, असं आमच्या फाट्यावर मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"पोरगी आलती," ते म्हणाले. "म्या सांगटलं, तुजा डबा तुज्या आईनं जयसिंगपुरात उतरवला. मागं एक माणूस हुता, नवी टोपी, पिशवी. तुजी आई म्हणली, पोरगी दर खेपेला हितंच डबा घेती."

"काय म्हणाली?"

"काय न्हाय. म्या इचारलं, बाळ, पानी पितीस का? तर माज्या पाया पडली आन् दुसऱ्या फलाटाकडं गेली. तितनं कुटल्या गाडीत बसली ते म्या बगितलं न्हाय." ते थांबले. "मुद्दाम बगितलं न्हाय बाई. बगितलं असतं तर कुनीतरी इचारलं असतं."

प्रल्हाद कोल्हापुरात दीड महिना राहिला. दवाखाना शोधून काढला, हॉस्टेलच्या दारात बसला. तोवर वैजूची खोली दुसऱ्या कोणाला दिली होती. पुढे तीन वर्षं तो आमच्या गावात येत राहिला. मालक त्याला अंगणात पाय ठेवू द्यायचे नाहीत, मग तो फाट्यावर बसायचा. मी बाजाराला गेले की मागे, अंगणवाडीत गेले की कुंपणाशी. वैजूनं चार वर्षं काय सोसलं ते मला तेव्हा अंगावर कळलं. तक्रारी केल्या, माणसं मध्ये घातली, शेवटी कारखान्यात वीज लागून तो गेला तेव्हाच ते थांबलं. तो गेल्याचं सांगूनही वैजूला बरीच वर्षं खरं वाटेना, फाट्यावर तो बसलाच असेल म्हणायची, मलाही येऊ द्यायची नाही. एकूण नऊ वर्षं मी माझ्या लेकीचं तोंड बघितलं नाही.

ती नऊ वर्षं कुठे होती, हे मला तिनं पहिल्याच फोनवर सांगितलं असतं. त्या गुरुवारनंतर अकरा दिवसांनी एसटीडीवाला मला बोलवायला आला. मी पळत गेले. आत जाऊन दार लावून घेतलं.

"आई, मी हाय."

तिचा श्वास ऐकू येत होता. खूप लांबून यावा तसा आवाज होता, मधेमधे खरखर.

"जेवलीस?" मी म्हणाले.

"जेवले. तुजा हात कसा हाय? मुल्लाणीमामाकडनं कळलं, त्यांच्या डेपोत फोन केला हुता."

"बरा हाय. बांगडीच तर फुटली."

"आई, ऐक. मला काम मिळालंय. चांगलं हाय. बाया चांगल्या हायत. मी आता हितं—"

"नगं सांगू."

"अगं, निदान गावाचं नाव—"

"नाव काढू नगंस वैजू."

"तू कुणाला सांगायची न्हाईस, मला म्हाईत हाय की. माजा तुज्यावर इस्वास हाय."

"माजा न्हाय," मी म्हणाले. "तू गाव सांगितलंस की मी डबा पाठवणार. आज न्हाय पाठवला तर दिवाळीला पाठवीन. मला ऱ्हावणार न्हाय गं."

तिकडे ती रडत होती. मी इकडे भिंतीला डोकं टेकून उभी होते. काचेबाहेर दोन माणसं खोळंबली होती, ती माझ्याकडे बघून दुसरीकडे वळली. तिथे पाऊस आला का, पाणी गोडं आहे की खारं, बोली कुठली, सगळं ओठांवर येत होतं. एकेक गिळलं. त्या प्रत्येकावरून गाव कळलं असतं.

"आई, बोल की कायतरी," ती म्हणाली.

"भाकरी मिळती का गं तितं?" मी विचारलं, आणि ती उत्तर द्यायच्या आत म्हणाले, "नगं. ते बी नगं सांगू."